कानटोपीचे कान

ललिताबद्दल लिहायचं तर आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला शब्दात पकडायला नको. मला तिचा हेवा वाटतो. थोडाथोडका नाही, जेवण गोड लागू नये इतका. मी अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, मानानं निवृत्त झाले, कडावात स्वतःचं घर आहे, मागे दोन म्हशींचा गोठा आहे, बाजारात गेले तर अर्धी माणसं 'बाई, बाई' करत बाजूला होतात. आणि तरीही कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर आंब्याखाली दगडावर बसून टोप्या विणणाऱ्या ललिताचा मला हेवा वाटतो. ती माझीच विद्यार्थिनी, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

टोपीचं आधी सांगते. आमच्याकडे बारशाला बाळाच्या डोक्यावर नवी टोपी लागते, आणि कडावात गेली पस्तीस वर्षं ती टोपी माझी असते. कुणाकडे पाळणा हलणार असं कळलं की सातव्या महिन्यातच त्या घरची म्हातारी माझ्या ओट्यावर येऊन बसायची आणि चहा पिऊन झाल्यावर म्हणायची, "बाई, सुया काढा." पांढरी लोकर, दोन्ही कानांवरून खाली आलेल्या झडपा, हनुवटीखाली बांधायला दोन बंद. साधी कानटोपी. पण माझ्या कानटोपीला एक खुबी आहे. उजव्या कानावरची झडप मी वेगळी विणते आणि मोत्याच्या एका बटणानं अडकवते. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगून कुर्र करते, तेव्हा टोपी काढावी लागत नाही. बटण काढायचं, झडप उचलायची, कुर्र करायचं, पुन्हा बटण लावायचं. थंडीतल्या बारशाला बाळाच्या टाळूला वारा लागत नाही.

ही खुबी माझ्या डोक्यातून निघालेली आहे. आज गावात जे रिक्षा चालवतात, जे कंपनीत शिफ्टला जातात, ज्या पोरी स्कुटीवरून कॉलेजला जातात, त्यांची नावं माझ्या त्या झडपेतून कानात गेलेली आहेत. मी हे कधी बोलून दाखवत नाही. पण बाजारातून चालताना मनात असतं.

आता ललिता. कोंडाण्याच्या वरच्या ठाकरवाडीत एकशिक्षकी शाळा होती, तिथे मी नऊ वर्षं काढली. कर्जतहून पायथ्यापर्यंत गाडी आणि पुढे चाल. माझी मुलगी श्रद्धा तेव्हा लहान होती. घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून मी तिला बरोबर न्यायची, आणि तिची चौथीपर्यंतची शाळा तिथेच झाली. तिच्या शेजारी बसायची ती वाडीतल्या नवशाची लेक ललिता. सावळी, काटक, नाकाचा शेंडा कायम सोललेला. श्रद्धाचं आणि तिचं इतकं गूळपीठ की श्रद्धाच्या डब्यातली पोळी तिच्या पोटात आणि तिच्या ओच्यातली बोरं श्रद्धाच्या पोटात.

कार्यानुभवाच्या तासाला मी मुलींना विणकाम शिकवायची. सुया कुठून आणणार? मोडक्या छत्र्यांच्या काड्या गोळा केल्या, टोकं दगडावर घासून गुळगुळीत केली. त्या काड्यांवर वाडीतल्या दहा-बारा मुली विणायला शिकल्या. सगळ्यांचं जमलं, ललिताचं जमेना. सुई टाक्याच्या पुढून घालायची, ती मागून घालायची. तसं केलं की टाक्याला पीळ पडतो, त्याचा एक पाय दुसऱ्यावर चढतो आणि वीण आवळते. बाकीच्या मुलींच्या पट्ट्या मऊ, लोंबत्या. हिची पट्टी पुठ्ठ्यासारखी ताठ.

मी नुसतं म्हणायची, "पीळ पडलाय." एवढं म्हटलं की ललितानं हात पुढे करायचा, पालथा. बोटांच्या पेरांवर छत्रीची काडी बसायची. मग मी तिची पट्टी तिच्या डोळ्यांसमोर उसवायची, पार पहिल्या ओळीपर्यंत. ती रडायची नाही. वाकडी झालेली लोकर बोटांवर गुंडाळायची आणि पुन्हा टाके घालायला बसायची, आणि चार ओळींनी पुन्हा पीळ. एकदा म्हणाली, "मागून घातल्यावर घट बसतंय, बाई." उलट बोलते म्हणून त्या दिवशी दोन बसल्या. मला वाटायचं, मी तिला वळण लावते आहे.

सातवीनंतर तिची शाळा सुटली. पलीकडच्या वाडीतल्या रूपेशला दिली. रूपेश भला माणूस, पावसाळ्यात वरी-नाचणी आणि एरवी मिळेल ते मजुरीचं काम. ललिता खालच्या फार्महाउसवर झाडलोट करायची, उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं घेऊन कर्जतच्या बाजारात बसायची. पळसाच्या पानाचे द्रोण इतके भराभर करायची की बघत राहावं. पानाला खाली एक चिमटा काढायचा, गवताची काडी खुपसायची, झाला द्रोण. मी दिसले की उठून उभी राहायची आणि एक द्रोण जास्तीचा माझ्या पिशवीत टाकायची. तेव्हा मला ती फार आवडायची. खरं सांगायचं तर आपल्या खाली बसलेल्या माणसावर माया करायला काही पडत नाही.

मग हे कानांचं सुरू झालं. तिची मुलगी कोंडी, आजीचं नाव ठेवलेली, तीन-चार वर्षांची असताना थंडीत टोपी घालायला तयार होईना. फार्महाउसच्या मालकिणीनं उरलीसुरली लोकर ललिताला दिली होती, तिची टोपी ललितानं विणली होती, आणि पोरगी ती भिरकावून देत होती. एक दिवस नाचणी कापलेल्या शेतात त्या पोरीनं ससा पाहिला. घरी येऊन म्हणाली, मला त्याच्यासारखे कान पायजेत. ललितानं टोपीवर सशाचे दोन कान विणले. रविवारी लेणी बघायला आलेल्या मुंबईच्या एका बाईनं ती टोपी बघितली आणि झालं. आता आंब्याच्या खाली कारवीच्या काठ्यांवर ओळीनं टोप्या टांगलेल्या असतात. ससा, भेकर, रानमांजर. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. डोंगर चढायला आलेले बापये मांजराचे कान घालून लेणी बघायला जातात.

मी पहिल्यांदा त्या टोप्या पाहिल्या तेव्हा तोंडभरून कौतुक केलं आणि घरी येऊन भाजी करपवली. कान उभे होते. लोकरीचे कान, आत काही नाही, आणि उभे. सशाचा एक कान समोर आणि दुसरा किंचित बाहेर वळलेला. मी विचारलं, हा वाकडा का? ललिता म्हणाली, "ससा दोन्ही कानांनी एकाच बाजूला ऐकत नाय, बाई. एक कान पुढं आन एक कान मागं राखतो." मी अडतीस वर्षं फळ्यावर 'स सशाचा' लिहिलं. तिनं ससा बघितला होता.

पुढच्या वर्षी आमच्या शेजारच्या कमलेशची बायको ओट्यावर आली, चहा घेतला आणि म्हणाली, "बाई, तुमी टोपीचा तरास नका घेऊ. आमी ललिताची मांजराची आनली." तरास. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या टोपीला तरास म्हणालं. त्यानंतर तीन बारशी झाली आणि तिन्ही बाळांच्या डोक्यावर कान होते. मी तिन्ही बारशांना गेले, घुगऱ्या खाल्ल्या आणि हसले. हसून हसून माझे गाल दुखले.

मी मनाची समजूत घातली होती की एक टोपी तरी माझ्या हातातून जायची नाही. श्रद्धाच्या बाळाची. श्रद्धा खोपोलीच्या शिळफाट्याला असते, जावई राजेश तिथल्याच कारखान्यात. बाळंतपण माहेरी व्हायचं, पण दवाखाना तिच्या घराजवळ म्हणून ती तिथेच राहिली आणि मी कडाव-खोपोली अशा फेऱ्या मारत होते. गेल्या पौषात तिला मुलगी झाली. दुसऱ्याच दिवशी श्रद्धा म्हणाली, "आई, बारशाला टोपी कानांची हवी हं."

"कानांचीच करते मी," मी म्हटलं. माझ्या डोक्यात कानांची टोपी म्हणजे कानटोपी. दुसरा अर्थ शिवलाही नाही.

तीन दिवसांत टोपी केली. आयुष्यात इतकी सुबक वीण माझ्या हातून उतरली नव्हती. झडप, मोत्याचं बटण, बंदांच्या टोकांना गोंडे. चौथ्या दिवशी नेऊन श्रद्धाच्या हातात ठेवली. तिनं ती उलटी केली, सुलटी केली, झडप उचलून आत बघितलं.

"आई, कान कुठेत?"

"कान बाळाला आहेत. टोपीत जातात ते."

"तशी नाही गं. ललिताच्या टोपीला असतात तसे. वर."

श्रद्धाला माझा चेहरा कळतो, पण बाळंतीण होती, रात्ररात्र जागत होती, तिनंही मागचापुढचा विचार केला नाही. म्हणाली, "मी ललिताला फोन केला होता, पण ती नीट काही बोलली नाही. तुला जमत नसेल तर तिला पुन्हा विचारते."

जमत नसेल. मी तिच्या हातातून टोपी काढून घेतली. "जमतं," मी म्हटलं. बारशाला आठ दिवस होते.

घरी येऊन मी कान विणले. लांबट दोन पट्ट्या, टोकाला टाके कमी करत निमुळत्या केलेल्या. कान कुठे लावायचे याचा मी फार विचार केला नाही, कान जिथे असतात तिथे लावले, दोन्ही बाजूंना, झडपांच्या वर. टोपी नारळावर चढवली आणि लांबून बघितली. तेवढ्यात आमचे हे, हिरामण, गोठ्यातून आले. माझ्या नवऱ्याला देवानं बोलायला फार कमी शब्द दिलेत, पण जे दिलेत ते तो बरोबर नको तिथे वापरतो.

"शेळी केलीस व्हय?"

मी कान उसवून वर लावले. ते एकदम खाली पडले, डोळ्यांवर. ह्यांनी पाय धुता धुता पुन्हा बघितलं. "आता आजारी हाय शेळी."

दुसऱ्या दिवशी मी कानांना तांदळाची खळ लावून उन्हात वाळवले. कडक झाले, उभेही राहिले. संध्याकाळपर्यंत दोन्ही कानांवर मुंग्यांची रांग लागली. तिसऱ्या दिवशी आत पुठ्ठा घातला. त्याचं टोक माझ्या बोटाला टोचलं तेव्हा बाळाची टाळू डोळ्यांपुढे आली आणि पुठ्ठा चुलीत टाकला. मग कापूस भरला, तर कान न राहता दोन वांगी झाली. पाच दिवस उरले. ललिताला विचारायचं नव्हतं. जिला मी काडीनं विणायला शिकवलं, तिच्यापुढे जाऊन 'कान कसे उभे राहतात गं' असं विचारण्यापेक्षा मी बारशाला न जाणं पत्करलं असतं.

पण टोपी विकत घेण्याला विचारणं म्हणत नाहीत. रविवारी मी कोंडाण्याला गेले.

ललितानं मला लांबून पाहिलं, विणकाम पदरात टाकलं आणि उठून पायाला हात लावला. मला बसायला स्वतःचा दगड दिला आणि आपण मातीत बसली. मी इकडचं तिकडचं बोलले. मग म्हटलं, शाळेतल्या एका मॅडमच्या मुलीला सशाची टोपी हवी आहे, लहान बाळाच्या मापाची. खोटं बोलताना मी आंब्याकडे बघत होते. ललितानं काठीवरची सगळ्यात लहान पांढरी टोपी काढून दिली. पैसे घ्यायला तयार होईना. "बाईंकडून कसं घेऊ?" म्हणाली. मी बळेच तिच्या टोपलीत टाकले. मला तिचा मोठेपणा नको होता.

निघताना ती म्हणाली, "श्रद्धाच्या बाळाची टोपी झाली आसंल ना, बाई? तिचा फोन आल्ता मला. मी म्हनलं, मी नाय करनार. पयली टोपी बाईंचीच पायजे. आईची आसताना माझी कशाला?"

मी मान हलवली आणि उतारावर चालायला लागले. पायथ्याशी येईपर्यंत माझं तोंड कडू झालं होतं. म्हणजे माझ्या नातीची टोपी मी करते आहे, ती ललितानं सोडली म्हणून. माझी जागा तिनं मला परत दिली होती, जास्तीचा द्रोण पिशवीत टाकावा तशी. तिनं ती टोपी हिसकावून घेतली असती तर मला बरं वाटलं असतं. भांडायला तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर, हे शेतावर गेल्यावर, मी दार लोटलं आणि ललिताची टोपी मांडीवर घेतली. आधी शिवण शोधली, सापडेना. कान शिवलेलाच नव्हता. टोपीतूनच टाके उचलून तो तिथूनच वाढवला होता, झाडाला फांदी फुटावी तसा, पुढून आणि मागून असा दुहेरी. बुडाशी द्रोणाला काढतात तसाच एक चिमटा होता, गवताच्या काडीच्या जागी लोकरीचा एक टाका. इथवर मला कळलं. पण नुसत्या चिमट्यानं कान उभा राहत नाही, हे मी चार दिवस अनुभवलं होतं. मी टोक सोडलं आणि कान उसवायला लागले.

लोकर सहज सुटेना. प्रत्येक टाका अडत होता, थोडा ओढला की मग सुटत होता. मी चष्मा पुसला आणि टोपी खिडकीजवळ नेली. सुई एका टाक्यात घालून तो ताणून बघितला. त्याचा एक पाय दुसऱ्यावर चढलेला होता.

पीळ. प्रत्येक टाक्याला पीळ. टोपी सगळी मऊ, सरळ, मी शिकवली तशी, आणि कान तेवढे पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पिळाचे. मागून घातल्यावर घट बसतंय, बाई.

गोठ्यात म्हैस ओरडायला लागली, तिची पेंड द्यायची वेळ झाली होती. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण ते नंतर. आधी वाटला तो राग, आणि त्याच्या खालोखाल हेवा, पहिल्यापेक्षा दुप्पट. ही गोष्ट सबंध वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर होती. माझ्या वर्गात, माझ्या हातात, माझ्याच काड्यांवर. आठ वर्षांच्या पोरीला कळलं होतं की असं केलं की घट्ट बसतं, आणि मला फक्त चूक दिसली. मी दर वेळी पहिल्या ओळीपर्यंत उसवत राहिले, आणि तिनं ती चूक कुठेतरी जपून ठेवली आणि तिला सशाचे कान फुटले. माझ्याकडे जपून ठेवण्यासारखी एक चूकसुद्धा नाही. मी कधी चुकलेच नाही.

म्हशीला पेंड घातली आणि परत येऊन मी पिळाचे टाके घालायला बसले. सोपं नव्हतं. हाताला पन्नास वर्षांची सवय. सुई आपोआप पुढून जायची आणि मला ती मागे ओढून आणावी लागायची. चार ओळींनी माझा टाका सरळ पडायचा. उसवायचं, पुन्हा घालायचं. तिसऱ्या दिवशी दोन्ही कान झाले. माझ्याच कानटोपीवर, झडपेच्या आणि मोत्याच्या बटणाच्या वर, दोन कान ताठ उभे. एक समोर आणि एक किंचित बाहेर वळलेला. हो, तेही घेतलं. चोरायचं तर अर्धवट कशाला? हे नारळावरची टोपी बघून म्हणाले, "आता जमलाय ससा." आणि वर, "ललितानं शिकवला?"

"मी केलाय," मी म्हटलं.

बारसं शिळफाट्याला, राजेशच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मांडव घालून. श्रद्धानं टोपी बघितली आणि मला मिठीच मारली. "आई, ललिताहून सरस झाली." हे ऐकायला मी आठ दिवस मरत होते. ऐकलं आणि काही वाटलं नाही. घास गिळला तर खरं, पण चव लागली नाही. त्यात पाळण्याभोवती जमलेली प्रत्येक बाई टोपी बघून एकच म्हणत होती, "ललिताची ना? लगेच कळते." मी दोघीतिघींना सांगितलं, माझी आहे. त्या हसल्या. एक म्हणाली, "टोपी तुमची आसंल बाई, कान ललिताचेच."

आणि तेवढ्यात ललिता आली. श्रद्धानं बोलावलं होतं, मला सांगितलं नव्हतं. रूपेशबरोबर मोटारसायकलवरून आली होती, हातात निरगुडीच्या पाल्याची मोळी, बाळंतिणीच्या अंघोळीसाठी. बायकांनी तिला लगेच घेरलं. "ये गं, तुझ्याच टोपीचं चाललंय. तूच केलीस ना?"

ललिता पाळण्याशी वाकली. टोपीकडे बघितलं. कानाला हात लावला नाही, नुसतं बघितलं, समोरच्या कानाकडे, मग वळलेल्या कानाकडे. चाळीस बायका होत्या तिथे. एका शब्दानं तिला सगळं परत घेता आलं असतं.

"माझी नाय," ती म्हणाली. "बाईंची हाय. हे बटान बघा की, बाईंबिगर कुनाचं आसतं का?"

बायकांनी बटण बघितलं आणि मान्य केलं. राजेशची बहीण नम्रता, बाळाची आत्या, पुढे झाली. थट्टेखोर पोरगी. तिनं आधी लोकरीच्या कानात कुर्र केलं आणि सगळा मांडव हसला. मग मोत्याचं बटण काढलं, झडप उचलली आणि खऱ्या कानात नाव सांगितलं. ओवी. बायकांनी नम्रताच्या पाठीत धपाटे घातले, पेढे फिरले, घुगऱ्यांची पातेली उघडली.

गर्दी जेवणाकडे वळल्यावर पाळण्यापाशी आम्ही दोघीच उरलो. ललिताच्या हातात घुगऱ्यांचा कागदी द्रोण होता. दुसऱ्या हाताचं एक बोट तिनं आता कानाला लावलं, बुडापासून टोकापर्यंत फिरवलं. अंधारात माणूस भिंत चाचपतो तसं तिचं बोट एकेका टाक्यावर थांबत गेलं. मग माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाली,

"बाई, पीळ पडलाय."

शाळेतल्या मॅडमचं खोटं, उसवलेला कान, पंचवीस वर्षांपूर्वीच्या सगळ्या पट्ट्या, सगळंच एकदम आठवलं. मी हात पुढे केला. पालथा, बोटं जुळवून, तिनं करायचा तसा.

ललितानं त्या हाताकडे बघितलं. मग मनगटाला धरून तो सुलटा केला आणि आपल्या द्रोणातल्या घुगऱ्या माझ्या तळहातावर ओतल्या, सगळ्या.

"खावा, बाई. गरम हायती."

ती श्रद्धाकडे गेली, आणि मी ओंजळ धरून पाळण्यापाशी उभी राहिले. घुगऱ्या खरंच गरम होत्या. तिच्या जागी मी असते, तर मी काडी शोधली असती.